बाटलीवर हेम्प, आत काय? सांगली-मिरजेत मिळणाऱ्या दोन तेलांचा आणि एका मलमाचा हिशेब

विश्रामबागेतल्या एका लाकडी घाण्याच्या दुकानात शेंगदाणा, करडई आणि जवस यांच्या ओळीत आता चौथी बाटली उभी असते. हेम्प सीड ऑइल, २५० मिली, ६४० रुपये. मिरजेत दवाखान्यांच्या भागातल्या एका आयुर्वेदिक मेडिकलमध्ये ‘विजया’ नावाची ३० मिलीची ड्रॉपरवाली बाटली आहे, २,७०० रुपये. ती चिठ्ठीशिवाय देत नाहीत. त्याच दुकानात गल्ल्याशेजारी ५० ग्रॅमची मलमाची डबी, ४५० रुपये, तिला चिठ्ठी लागत नाही. तिन्हींवर तेच बोटाबोटांचं हिरवं पान छापलेलं, आणि गिऱ्हाईक तिन्हींना सरसकट ‘सीबीडीचं तेल’ म्हणतं. हेम्प म्हणजे भांगेच्या झाडाचं कमी नशेचं वाण, आणि सीबीडी म्हणजे त्या झाडातलं, नशा न आणणारं एक द्रव्य. गुडघेदुखीला घाण्यावरचं तेल प्यायचं आणि झोपेसाठी मलम कपाळाला चोळायचं, असले प्रयोग त्यातूनच निघतात.

दुकानांची आणि कंपन्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. असल्याच दुसऱ्या बाटल्या सातारच्या पोवई नाक्यावर घेतल्या, तरी खालचा हिशेब तसाच करायचा आहे.

घाण्यावरचं तेल

तेल म्हणून हे चांगलं आहे, हे आधी सांगून टाकू. रंग गडद हिरवा, वास कोवळ्या गवताचा आणि ताज्या अक्रोडाचा, शेवटी जिभेवर किंचित कडसर. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचं प्रमाण साधारण तीनास एक. शेंगदाणा आणि करडईत ओमेगा-३ जवळपास नसतंच, म्हणून ज्यांना जवस आवडत नाही त्यांना हा पर्याय बरा. फोडणीला मात्र घेऊ नये. साधारण १६५ अंशांच्या आसपास ते धूर धरतं, आणि ज्या नाजूक स्निग्धाम्लांसाठी एवढे पैसे मोजले तीच आधी जळतात. कोशिंबिरीवर, मुगाच्या उसळीवर वरून, नाहीतर भाकरीसोबतच्या कोरड्या चटणीत चमचाभर, हा त्याचा खरा उपयोग.

दुकानाची चूक बाटलीतच दिसते. काच पांढरी आणि जागा खिडकीतली. सांगलीचं एप्रिलचं ऊन या तेलाला महिनाभरही टिकू देणार नाही. खवट झालं की अक्रोडाचा वास जाऊन ऑइलपेंटसारखा वास येतो. तसा वास आला तर बाटली टाकून द्यायची, दिव्यालासुद्धा वापरायची नाही. खोलीभर तोच वास बसतो. घेताना मागच्या रांगेतली, घाण्याची तारीख ताजी असलेली बाटली मागावी. घरी फ्रिजमध्ये ठेवावी आणि फोडल्यावर दोनेक महिन्यांत संपवावी.

आता सीबीडीचं. सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल हे बीमध्ये तयार होत नाही. मादी फुलाभोवतीच्या बारीक पाकळ्यांवर चिकट केसाळ ग्रंथी असतात, त्यांच्या राळेत ते असतं. मळणीत त्या राळेचा अंश बीच्या टरफलाला लागतो, तेवढंच तेलात उतरतं. हिरवा रंग पाहून ‘यात अर्क जास्त’ असं दुकानदार सांगतो, पण तो रंग हरितद्रव्याचा आहे, सीबीडीला स्वतःचा रंगच नाही. २०२१ साली एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केलं, तेव्हा मर्यादाही घालून दिल्या: तेलात टीएचसी, म्हणजे भांगेतलं नशा आणणारं द्रव्य, किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत, बीमध्ये ५, आणि सीबीडी ७५ मिलिग्रॅमच्या वर नको.

या ७५ चा हिशेब कागदावर मांडला की भ्रम उतरतो. चहाच्या चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावतं. त्यात कायद्यानं जास्तीत जास्त सीबीडी किती, तर एक तृतीयांश मिलिग्रॅम. आकडीच्या आजारात औषध म्हणून जे शुद्ध सीबीडी देतात त्याची सुरुवातच दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमनं होते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम. तेवढं या तेलातून मिळवायचं तर रोज चार किलो तेल प्यावं लागेल. दुकानातल्या फळीवर ‘सांधेदुखी, झोप, ताण यांवर गुणकारी’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे, ती या हिशेबानं काढून टाकावी. जेवणातलं तेल म्हणून पाचपैकी चार, औषध म्हणून शून्य.

एक गमतीची आणि जरा काळजीचीही गोष्ट लेबलवर आहे. हेम्पचं मराठी ‘ताग’ असं केलंय. ताग निराळा. उसाआधी हिरवळीच्या खतासाठी वाळवा-मिरज भागात पेरतात ती पिवळ्या फुलांची, शेंगांची जात म्हणजे ताग, आणि त्याचं बी खाण्याचं नाही. अंबाडीलाही इंग्रजीत दख्खनचं हेम्प म्हणतात, तीही निराळीच. इथलं हेम्प म्हणजे सरळ भांगेचं झाड, कॅनाबिस सटायवा, फक्त टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत राहील असं निवडलेलं वाण. उत्तराखंडात २०१८ पासून परवान्यावर त्याची लागवड होते. आपल्याकडं परसात एक रोप लावलं तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं लफडं मागं लागतं. तेल आवडलं म्हणून बी पेरून बघू नये.

ड्रॉपरवाली बाटली

खरी परीक्षा हिची. ही आयुष परवान्यावरची आहे, विजया म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क खोबऱ्यापासून काढलेल्या पातळ एमसीटी तेलात मिसळलेला. भांग हे द्रव्य औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये येतं, म्हणून बाटलीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना इंग्रजी आणि हिंदीत असायलाच हवी. या बाटलीवर आहे, अगदी बारीक टायपात. ही सूचना नसलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

समोर मोठ्या अक्षरांत ‘१५०० मिग्रॅ’. पहिली फसगत इथं होते. हा आकडा अर्काचा आहे, सीबीडीचा नाही. अर्कात सीबीडीबरोबर मेण, सुगंधी टर्पीन, इतर कॅनाबिनॉइड (भांगेतली याच जातीची द्रव्यं) आणि थोडं टीएचसी असतं. खरा आकडा बॅचच्या तपासणी अहवालात सापडतो. या बॅचच्या अहवालात दर मिलीला सीबीडी ३१ मिग्रॅ आणि टीएचसी १.२ मिग्रॅ आहे. म्हणजे ३० मिलीत सीबीडी ९३० मिग्रॅ. समोरच्या आकड्यानं मिलिग्रॅमला १ रुपया ८० पैसे पडतात असं वाटतं. प्रत्यक्षात २ रुपये ९० पैसे. दोन कंपन्यांच्या बाटल्या ताडून बघायच्या तर याच एका आकड्यावर बघाव्यात, एमआरपीवर नाही.

अहवाल मिळवणं हीच तक्रारीची जागा. बाटलीवरचा क्यूआर कोड कंपनीच्या पहिल्या पानावर नेतो, अहवालावर नाही. व्हॉट्सॲपवर मागितला तर येतो, पण त्यात जड धातूंचं पान नव्हतं, ते दुसऱ्यांदा मागावं लागलं. आणि तेच पान सगळ्यात महत्त्वाचं. भांगेचं झाड जमिनीतलं शिसं, कॅडमियम, आर्सेनिक शोषून घेण्यात तरबेज असतं, आणि पानांचा अर्क आटवला की तेही आटून दाट होतं. अहवाल हातात आला की आधी बॅच नंबर बाटलीवरच्या नंबरशी जुळवा. शाईनं मारलेला नंबर बोटानं पुसला जातो, म्हणून घेतल्या घेतल्या फोटो काढून ठेवा. मग तपासणी द्रव क्रोमॅटोग्राफीनं, म्हणजे एचपीएलसीनं केली आहे का ते बघा. वायूवाल्या पद्धतीत नमुना तापतो आणि कच्चं सीबीडीए (सीबीडीचं आम्ल रूप) तिथल्या तिथं सीबीडी होऊन जातं, त्यामुळं तेलात मुळात कुठलं किती होतं ते कळत नाही. सीबीडीए वेगळं दिलं असेल तर त्याला ०.८७७ नं गुणून मगच सीबीडीत मिळवायचं. उष्णतेत त्याच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तेवढं वजन घटतं. टीएचसीच्या रकान्यात ‘आढळले नाही’ असेल तर शेजारी तपासणीची किमान मर्यादा लिहिली आहे का, हे बघायला विसरू नका. मर्यादाच ढोबळ असेल तर ‘आढळले नाही’ला काही किंमत नाही. शेवटी हेक्झेन-इथेनॉलसारख्या द्रावकांचे अवशेष आणि कीटकनाशकं.

एवढी चिकित्सा का, तर लेबल आणि माल जुळत नाही हा जगभरचा अनुभव आहे. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. लेबलवरचा आकडा बरोबर निघाला तो जेमतेम ३१ टक्के मालात. ४३ टक्के मालात लिहिल्यापेक्षा जास्त सीबीडी होतं आणि २६ टक्क्यांत कमी. १८ नमुन्यांत टीएचसीही सापडलं.

तयारीबद्दल एक जोड. जुन्या पद्धतीत भांग शुद्ध करताना पानं धुऊन, वाळवून तुपात परततात. पाण्यात कॅनाबिनॉइड विरघळत नाहीत, म्हणून धुण्यानं माती, धूळ आणि पाण्यात उतरणारं बाकीचं जातं. तुपात परतताना कच्ची आम्लं पक्की होतात आणि स्निग्धात उतरतात. आज स्टीलच्या टाकीत शंभर-सव्वाशे अंशांवर कारखाना जे करतो, त्याचाच हा चुलीवरचा अवतार.

पोटात गेल्यावर

हळदीच्या गावाला हे समजावणं सोपं आहे. हळदीतलं कुरकुमिन जसं पाण्याशी फटकून वागतं आणि पचनातून रक्तात फार थोडं पोचतं, तसंच सीबीडीचं. गिळलेल्यातलं सहाएक टक्केच रक्तात जातं, बाकीचं आतड्यातून तसंच निघून जातं नाहीतर यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. तुपाची साथ मिळाली की चित्र पालटतं: शुद्ध सीबीडीच्या औषधावर चाचणी झाली तेव्हा भरपूर स्निग्ध जेवणानंतर रक्तातली सर्वोच्च पातळी उपाशीपोटीपेक्षा पाचपट आणि एकूण शोषण चौपट झालं. म्हणजे सोमवारी उपासाला चहाबरोबर घेतलेले पाच थेंब आणि पाडव्याला पुरणपोळीवर तुपाची धार धरून झाल्यावर घेतलेले पाच थेंब ही एकच मात्रा नव्हे. ‘कधी लागू पडतं, कधी नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. रोज एकाच वेळी, साधारण सारख्याच जेवणानंतर घ्यावं. जिभेखाली मिनिटभर धरायला सांगतात, धरायला हरकत नाही, पण तेल लाळेत नीट मिसळत नाही आणि शेवटी बहुतेक गिळलंच जातं.

शरीरात ते करतं काय? आपल्या मेंदूत आणि नसांत कॅनाबिनॉइडसारख्या रेणूंची स्वतःची अशी यंत्रणा असते. तिच्यातला एक रेणू १९९२ साली जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत सापडला आणि त्याचं नाव संस्कृत ‘आनंद’वरून आनंदामाइड ठेवलं गेलं. टीएचसी या यंत्रणेच्या सीबी-१ कुलपात किल्लीसारखं बसतं, त्यातून नशा येते. सीबीडी त्या कुलपात नीट बसत नाही. उलट बाजूनं चिकटून टीएचसीची पकड जरा ढिली करतं. त्याचं काम दुसरीकडंच जास्त चालतं: सेरोटोनिनच्या एका ग्राहीवर (पेशीवरचं असंच कुलूप), अडेनोसिनच्या वाहतुकीवर, आणि टीआरपीव्ही-१ या ग्राहीवर. हा शेवटचा म्हणजे तांबड्या रश्श्यातल्या मिरचीनं पेटतो तोच. म्हणून सीबीडीनं भांगेसारखी नशा येत नाही. पण नशा येत नाही म्हणजे परिणाम होत नाही, असं धरणं चुकीचं.

भक्कम पुरावा आहे तो लहान मुलांच्या आकडीच्या काही अवघड आजारांवर. ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या प्रकारांसाठी अमेरिकेत २०१८ साली शुद्ध सीबीडीचं औषध मंजूर झालं, तेही मिलीला १०० मिग्रॅ इतकं दाट, तिळाच्या तेलात. चिंतेवर छोट्या चाचण्या आहेत. त्यांतल्या एकीत ५७ पुरुषांना भाषण करायला उभं केलं होतं. ३०० मिग्रॅनं भीती कमी झाली, १५० नं नाही आणि ६०० नंही नाही. जास्त घेतलं की जास्त गुण, हे गणित इथं चालत नाही. सांधेदुखीबद्दल जाहिराती भरपूर, पुरावा विरळ.

आता या बाटलीची मात्रा बघा. पातळ तेलाचे मिलीत ३० थेंब पडतात (पाण्याचे २० पडतात, तो हिशेब इथं लावू नये). म्हणजे एका थेंबात साधारण १ मिग्रॅ सीबीडी. पत्रकावर ‘५ थेंब सकाळ-संध्याकाळ’, म्हणजे दिवसाला १० मिग्रॅ. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ साली निरोगी प्रौढांना खाद्यपदार्थांतून दिवसाला १० मिग्रॅच्या वर जाऊ नका असं सांगितलं, त्या मर्यादेत हे बसतं. पण चाचण्यांमधल्या ३०० शी तुलना केली तर तिसावा हिस्सा आहे. बरोबरी करायची तर ही बाटली तीन दिवसांत संपेल, आणि तेवढ्या अर्कातून दिवसाला साडेअकरा मिग्रॅ टीएचसीही पोटात जाईल, जे सवय नसलेल्याला चांगलंच झिंगवेल. म्हणून चाचण्यांचे आकडे दाखवून ही बाटली विकणाऱ्यापासून सावध राहावं. कंपनीच्या पत्रकात तेच केलंय.

वाढवायचं झालं तर वैद्यांना विचारून, आणि दोन आठवडे थांबून. नियमित घेतल्यावर सीबीडीचं निम्मं प्रमाण शरीरातून जायला ५६ ते ६१ तास लागतात. आज वाढवलेल्या मात्रेची पुरती पातळी दहा-बारा दिवसांनी येते. तिसऱ्या दिवशी ‘काही होत नाही’ म्हणून दुप्पट करणारा पंधराव्या दिवशी दिवसभर पेंगतो. जुलाब झाले तर दोष सीबीडीचाच असेल असं नाही, एमसीटी तेलही काहींना सोसत नाही.

गोळ्या चालू असतील त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. यकृतातली जी विकरं पुष्कळ औषधं मोडतात, त्यांतल्या काहींना सीबीडी अडवून धरतं. फिटसाठीच्या क्लोबाझमचा क्रियाशील अंश रक्तात साचतो आणि माणूस सुस्त होतो. फिटच्याच व्हॅल्प्रोएटबरोबर एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा दाखवणारा रक्तातला आकडा, वाढण्याची शक्यता जास्त. रक्त पातळ ठेवणाऱ्या वार्फरिनचा परिणाम वाढून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वर जाऊ शकतो. मूत्रपिंड बदललेल्यांच्या टॅक्रोलिमसचंही तसंच. हे धोके मुख्यतः मोठ्या मात्रांवर दिसलेले आहेत, तरी चिठ्ठी लिहिणाऱ्या वैद्यांना ॲलोपॅथीच्या गोळ्यांची पट्टी दाखवल्याशिवाय पहिला थेंब घेऊ नये. शुद्ध औषधाच्या बाबतीत एसजीपीटी सुरुवातीआधी, मग पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात तपासतात. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी हाच पायंडा पाळावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी या वाटेला जाऊच नये.

तालमीतल्या पोरांसाठी आणि भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं २०१८ पासून सीबीडी बंदीच्या यादीतून काढलं, हे खरं. बाकीचे कॅनाबिनॉइड मात्र स्पर्धेच्या काळात बंदच आहेत, आणि या बाटलीत टीएचसी आहे. ते चरबीत साठतं आणि रोज थोडं थोडं घेतलं तरी लघवीच्या चाचणीत येऊ शकतं. ‘आयुर्वेदिक होतं’ हे उत्तर तिथं चालत नाही. बदामाची थंडाई प्या, ही बाटली नको. दुबई-सिंगापूरला जाणाऱ्यांनी ती बॅगेत चुकूनही टाकू नये. तिथं आपल्या वैद्यांची चिठ्ठी कामाची नाही. राज्यात नेताना मूळ बाटली, बिल आणि चिठ्ठी एकत्र ठेवावी.

ठेवण्याबद्दल या बाटलीला पूर्ण गुण: काच गडद तपकिरी, बूच घट्ट. गाडीच्या डिकीत मात्र विसरू नका. साध्या खोबरेलात केलेली तेलं सातारा-महाबळेश्वरच्या थंडीत थिजतात आणि अर्क एका बाजूला गोळा होतो. वरचे थेंब फिके, तळाचे जहाल. एमसीटीचं तसं होत नाही. जास्त दाट तेलात फ्रिजमध्ये तळाशी पांढरे खडे दिसले तर ते सीबीडीचेच स्फटिक असण्याची शक्यता जास्त. बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून हलवली की विरघळतात. नाहीच विरघळले तर वापरू नका.

माल म्हणून पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण क्यूआर कोडसाठी कापला, एक पत्रकासाठी.

मलम

यावर फार वेळ घालवण्यासारखं नाही. ५० ग्रॅममध्ये १०० मिग्रॅ अर्क, म्हणजे ०.२ टक्के. गुडघ्याला अर्धा ग्रॅम चोळलं तर एक मिलिग्रॅम अर्क, तोही बहुतेक कातडीच्या वरच्या थरात अडकतो. लगेच थंड वाटतं ते मेंथॉलनं, मग गरम वाटतं ते गंधपुऱ्याच्या तेलानं, वास कापूर आणि निलगिरीचा. ही सगळी घटकांच्या यादीत सीबीडीच्या आधी आहेत. तेवढाच आराम ५० रुपयांच्या साध्या बामनं मिळतो. वार्फरिन घेणाऱ्यांनी हे मलम सांध्यावर रोज चापून चोळू नये; कारण त्यातलं भांगेचं द्रव्य नव्हे, गंधपुऱ्याचं मिथाइल सॅलिसिलेट, जे कातडीतून आत जाऊन आयएनआर वाढवू शकतं. पाचपैकी दीड, आणि तोही डबीचं झाकण चांगलं आहे म्हणून.